खिशातला फोन वाजतो आणि म्हणतो, व्हायरस आलाय

प्रिय ताई,

माझं वय ६८. एसटीत ३१ वर्षं वाहक होतो, आता सिन्नर तालुक्यात गावी असतो. दीड एकर रान आहे, कांदा करतो. मुलीने दोन वर्षांपूर्वी अँड्रॉइड फोन घेऊन दिला. सकाळी कांद्याचा भाव बघतो, संध्याकाळी अभंग शोधून वाचतो, बाकी काही नाही.

महिना झाला, दर दहा-पंधरा मिनिटांनी फोनवर वरून पट्टी खाली येते. ‘तुमच्या फोनमध्ये ५ व्हायरस’, ‘बँक खाते बंद होणार’, मध्येच एखाद्या बाईचं चित्र. भाव बघताना कधी अख्खा पडदा लाल होतो, फोन थरथरतो आणि मागे जायचं बटण दाबलं तरी पान हलत नाही. परवा भजनाला बसलो होतो, फोन खिशात वाजत राहिला. शेजारच्याने काढून बघितला तर नको ते चित्र. सगळे हसले. मुलगा म्हणतो, ‘बाबा, तुम्ही काय बघता ते आधी सांगा.’ मी असलं काही बघितलेलं नाही. एकदा घाबरून त्यांनी सांगितलेलं क्लीनर डाउनलोड केलं, तर त्रास वाढलाच. पैसे किंवा ओटीपी कोणाला दिलेला नाही.

दुकानवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल, ६०० रुपये, फोटो जातील. माझ्या सौ. गेल्या वर्षी वारल्या. त्यांचे शेवटचे फोटो याच फोनमध्ये आहेत. काय करू?

– एक निवृत्त वाहक

काका, नमस्कार.

फॉरमॅट करू नका. निदान आज तरी नाही, आणि काकूंचे फोटो दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय तर कधीच नाही. बहुतेक फॉरमॅटची वेळही येणार नाही. तुम्ही सांगता त्यातला बराचसा त्रास घरी बसून, एक रुपया न देता, वीस मिनिटांत थांबण्यासारखा आहे.

मुलाला आधी हे वाचून दाखवा: ती चित्रं येण्यासाठी तसलं काही बघावं लागत नाही. कांद्याचा भाव बघणाऱ्याला येतात, पंचांग बघणाऱ्याला येतात, दहावीचा निकाल शोधणाऱ्या पोरांनाही येतात. माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी स्टेशनवर उभी राहून गाडी किती लेट आहे ते घाईघाईत शोधत होते, काहीतरी ‘अलाउ’ दाबलं गेलं, आणि पुढचे चार दिवस माझ्या फोनवर ‘तुमच्या जवळच्या एकट्या स्त्रिया’ येत होत्या. मी हे सदर लिहिते, तरी माझी ही गत. घरात कोणाला सांगितलं नाही, गुपचूप काढून टाकलं. म्हणजे लाज मलाही वाटली होती. ही माणसं त्या लाजेवरच जगतात. जो लाजतो तो कोणाला विचारत नाही आणि मुकाट्याने ते सांगतील ते बटण दाबतो.

आता तो व्हायरस. कुठल्याही वेबसाइटला तुमच्या फोनच्या आत शिरून व्हायरस मोजता येत नाहीत. ब्राउझर, म्हणजे तुम्ही ज्यातून पानं उघडता ते क्रोम नावाचं अ‍ॅप, तिला तेवढं आत येऊच देत नाही. ‘५ व्हायरस सापडले’ हे वाक्य आधीपासून लिहून ठेवलेलं असतं, तुमच्या फोनला पाच आणि माझ्याही फोनला पाच. तो टक्क्यांचा काटा सरकताना दिसतो ते नुसतं चलचित्र. मग त्याला माझ्या फोनचं मॉडेल कसं कळतं, गावाचं नाव कसं येतं, असं तुम्ही विचाराल. पानं नीट दिसावीत म्हणून साइटने विचारलं की ब्राउझर स्वतःच सांगतो, मी अमुक कंपनीचा तमुक फोन आहे. गावाचा अंदाज इंटरनेटच्या पत्त्यावरून बांधतात. तो चुकतोही, सिन्नरच्या माणसाला मुंबई दाखवतो. आणि थरथर? पानाला एकदा बोट लागलं की फोन थरथरवायची मुभा अँड्रॉइडवरचा क्रोम वेबसाइटला देतो. ती सोय खेळांसाठी आहे, हे लोक ती भीती घालायला वापरतात. मागे जायचं बटण चालत नाही त्यामागेही जादू नाही. ते पान आपल्याच दहा-वीस प्रती तुमच्या मागे रांगेत उभ्या करून ठेवतं. तुम्ही एक पाऊल मागे गेलात की पुन्हा तेच.

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ भजनाची आहे. फोन खिशात होता, ब्राउझर उघडा नव्हता, तरी वाजत राहिला. म्हणजे ती पट्टी ही वेबसाइटची नोटिफिकेशन आहे. कधीतरी एखाद्या पानावर ‘तुम्ही रोबो नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाउ दाबा’ किंवा ‘भाव बघण्यासाठी अनुमती द्या’ असं आलं असणार आणि तुम्ही दाबलं असणार. भावाचा आणि त्या बटणाचा काडीचाही संबंध नव्हता. ते बटण म्हणजे त्या साइटला दिलेला कायमचा पास. तुमच्या नोकरीत कसं, एकदा पास निघाला की माणूस रोज दाखवून चढणार, तुम्ही त्याला तिकीट विचारू शकत नाही. तसंच हे. बातमीची किंवा ईमेलची साइट बंद असतानाही तिचा निरोप पोचावा म्हणून ही सोय केलेली आहे, त्यामुळे पान बंद करून किंवा फोन बंद-चालू करून ती जात नाही. पास रद्दच करावा लागतो.

तो असा करा. पुढची पट्टी आली की तिला बोटाने टिचकी मारू नका. वरून पडदा खाली ओढा आणि चष्मा लावून त्या पट्टीवरची बारीक अक्षरं बघा. क्रोमचं गोल चिन्ह, आणि त्याच्याजवळ एक इंग्रजी पत्ता, बहुधा अर्थ न लागणारा, आकडे आणि अक्षरं एकत्र कोंबलेली. हाच तो पासधारक. कागदावर उतरवून घ्या. मग क्रोम उघडा, वर उजवीकडचे तीन ठिपके, त्यात सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन. तुमच्या फोनवर नाव थोडं वेगळं असेल, ‘सूचना’ वगैरे, पण घंटीचं चित्र शोधलंत तर चुकणार नाही. तिथे ‘अनुमती आहे’ असं म्हणून साइट्सची यादी दिसेल. कागदावरचं नाव त्यात सापडेलच, आणि त्याचे भाऊबंदही सापडतील, कारण अशी एक साइट माणसाला दुसरीकडे नेऊन तिथेही ‘अलाउ’ दाबायला लावते. एकेका नावावर जा आणि ‘ब्लॉक करा’ निवडा. नुसतं पुसून टाकलंत तर ती साइट उद्या पुन्हा विचारू शकते. ब्लॉक केलंत तर विचारायचीही सोय राहत नाही.

यादी रिकामी झाली की त्याच पानावर सगळ्यात वरचा खटका बंद करून ठेवा, म्हणजे यापुढे कुठलीच साइट तुमच्याकडे परवानगी मागणार नाही. यादी आधी आणि खटका नंतर, दोन्ही करा. नुसता खटका बंद केला तर आधी दिलेले पास तसेच राहतात, आणि लोक इथेच फसतात. काही चुकेल का, अशी धास्ती नको. व्हॉट्सअ‍ॅप, फोन, बँकेचे मेसेज यांचा या खटक्याशी संबंध नाही. ज्यांना वेबसाइटच्या नोटिफिकेशनची खरंच गरज आहे अशी माणसं मी तरी फार पाहिलेली नाहीत.

लाल पडद्याचं दुखणं वेगळं. ते येतं भाव बघता बघता, म्हणजे पानावरच्या जाहिरातीतून. त्या साइटवाल्यालाही बऱ्याचदा ठाऊक नसतं की आज त्याच्या पानावर कोणाची जाहिरात लागणार आहे. जागा तो एखाद्या जाहिरात कंपनीला देऊन टाकतो, आणि तुम्ही पान उघडल्यावर डोळ्याचं पातं लवायच्या आत त्या जागेचा लिलाव होतो. तुमच्या मार्केटयार्डातल्या लिलावासारखाच, फक्त माल कोणी तपासत नाही. त्यात एखादा भामटा घुसतो आणि तुम्हाला पानावरून उचलून स्वतःच्या लाल पानावर नेऊन टाकतो. तिथून तुम्ही क्लीनर उतरवलंत की त्याला दर माणशी दलाली मिळते.

पुन्हा लाल पडदा आला तर त्याच्या आतलं काहीही दाबू नका. ‘ओके’ नको, ‘कॅन्सल’ नको, कोपऱ्यातली फुलीसुद्धा नको, कारण ती फुली त्या पानानेच रंगवलेली असते आणि तिचं काम काय हे त्यालाच ठाऊक. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत एक छोटा चौकोन असतो, त्यात आकडा. तो दाबला की उघडी पानं पत्त्यांसारखी दिसतात, तिथून ते पान बाजूला सारा. चौकोनच सापडत नसेल तर फोनच्या होमवर या, चालू अ‍ॅप्सची रांग उघडा आणि क्रोमला वर ढकलून द्या. क्रोम पुन्हा उघडल्यावर तेच पान दात विचकत बसलेलं असेल तर विमानाचं चिन्ह दाबून फोनचं इंटरनेट तोडा, मग क्रोम उघडा. इंटरनेट नसलं की ते पान पांगळं होतं. शांतपणे बंद करा आणि विमान काढा.

तेवढं झालं की त्याच साइट सेटिंग्जमध्ये ‘पॉप-अप आणि रीडिरेक्ट’ नावाचं खातं आहे, ते बंद आहे ना बघा. त्याच्या जवळपास ‘अनाहूत जाहिराती’ किंवा तशा अर्थाचं काही दिसेल, तेही अडवलेलंच असू द्या. मग सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी आणि सुरक्षा’, त्यात ‘सेफ ब्राउझिंग’. तिथे वाढीव संरक्षण निवडता येतं. उघडलेल्या पानांचे पत्ते त्यासाठी गूगलकडे जातात, पण तुमच्या बाबतीत मी तो सौदा करीन. यानेही शंभर टक्के थांबेल असं सांगत नाही. अँड्रॉइडवरच्या क्रोमला जाहिरात अडवणारी जोडणी लावता येत नाही, फायरफॉक्स नावाच्या दुसऱ्या ब्राउझरला लावता येते. मुलगी सुट्टीला आली की तिच्याकडून फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन टाकून घ्या. दोन्ही फुकट आहेत.

त्यापेक्षाही साधी गोष्ट म्हणजे रोज गूगलवर ‘आजचा कांदा भाव’ टाकून जी साइट वर येईल ती उघडायची सवय सोडा. बाजारभावाच्या नावाने उघडलेली अनेक पानं फक्त जाहिरातींसाठी असतात, भाव तिथे परवाचे असतात. महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या साइटवर बाजार समित्यांची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण दर रोज येतात, लासलगावचेही. केंद्र सरकारचं अ‍ॅगमार्कनेट आहे. एकदा बरोबर पान उघडलं की तीन ठिपक्यांतून ‘होम स्क्रीनवर जोडा’ करा, म्हणजे अ‍ॅपसारखं चित्र समोर राहील आणि रोज शोधाशोध नको. सरकारी साइट कधी कधी रखडते, ते सहन करा. अभंगांचंही असंच, एक धड साइट धरून ठेवा.

आता ते क्लीनर. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात उरकलंत, पण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. ते प्ले स्टोअरवरून घेतलंत की पानावरूनच थेट उतरलं? मध्येच फोनने ‘अज्ञात स्रोताकडून अ‍ॅप टाकण्यास परवानगी द्यायची का’ असं विचारलं होतं का? आठवून बघा.

प्ले स्टोअरवरून घेतलं असेल तर ते बहुतेक जाहिराती दाखवणारं पोटभरू अ‍ॅप आहे. फोनच्या सेटिंग्जमधून अ‍ॅप्सच्या यादीत जा. होम स्क्रीनवर चित्र दिसत नाही म्हणून ते नाही असं समजू नका, अशी अ‍ॅप्स आपलं चित्र लपवतात. यादीतून काढून टाका. काढायचं बटण फिकट दिसत असेल तर त्याने स्वतःला ‘डिव्हाइस अ‍ॅडमिन’ करून घेतलंय. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत तोच शब्द टाका, तिथून त्याचा अधिकार काढा, मग ते निघेल. जाहिराती इतक्या येत असतील की हातच चालू देत नाहीत, तर फोन सेफ मोडमध्ये सुरू करा. बऱ्याच फोनवर बंद करायचं बटण पडद्यावर आलं की ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून धरलं की तो पर्याय येतो. त्यात तुम्ही टाकलेली अ‍ॅप्स झोपलेली असतात, तेवढ्यात क्लीनर काढून फोन पुन्हा नेहमीसारखा चालू करा. ‘इतर अ‍ॅप्सवर दाखवा’ ही परवानगी कोणाकोणाला आहे तेही बघा. ती हाताशी असली की अ‍ॅप होम स्क्रीनवरही जाहिरात आणून आदळू शकतं. शेवटी प्ले स्टोअरमध्ये तुमच्या चित्रावर बोट ठेवून प्ले प्रोटेक्टमधून स्कॅन करा. खरं स्कॅन तिथे होतं, लाल पानावर नाही.

पानावरून थेट उतरलेली एपीके फाइल, म्हणजे प्ले स्टोअरला वळसा घालून अ‍ॅप टाकणारी फाइल, असेल तर मात्र प्रकरण गंभीर. व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका, ई-चलान, पीएम किसान अशा नावाने ज्या फायली फिरतात त्याच जातीची. अशा अ‍ॅपला मेसेज वाचायची परवानगी मिळाली की ओटीपी ते स्वतःच वाचतं, तुम्ही कोणाला सांगायची गरज उरत नाही. त्यामुळे ‘ओटीपी कोणाला दिलेला नाही’ यावर निर्धास्त राहू नका. फोन विमानावर टाका, वायफायही बंद आहे ना बघा, मुलाच्या फोनवरून बँकेच्या पासबुकावर छापलेल्या नंबरला फोन लावा आणि खातं तपासायला सांगा. गूगलवर बँकेचा नंबर शोधायचा नाही, तिथेही भामट्यांनी आपले नंबर पेरून ठेवलेले असतात. पैसे गेलेले दिसले तर त्याच मिनिटाला १९३० ला फोन करा. ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन आहे. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत तक्रार पोचली तर ते अडवता येण्याची शक्यता राहते, म्हणून उद्या बघू म्हणू नका. आणि हो, या एका प्रसंगात फॉरमॅट बरोबर आहे, फोटो उतरवून झाल्यावर.

दुकानवाल्याबद्दल मी वाईट बोलणार नाही. फॉरमॅटने त्रास थांबला असता, हे त्याचं खरंच आहे. यादी बघत बसण्यापेक्षा त्याला ते सोपं. पण भावाच्या त्याच पानावर दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा ‘अलाउ’ दाबलं असतंत तर पुन्हा ६०० रुपये.

याच विषयावर आयफोनवाल्या एका वाचकाचंही पत्र आहे, तेवढं उरकते. आयफोनवर होम स्क्रीनवर न जोडलेली साइट नोटिफिकेशन पाठवू शकत नाही, म्हणून तिथे हे लोक कॅलेंडरच्या वाटेने येतात. चुकून एखादं कॅलेंडर जोडलं जातं आणि मग ‘व्हायरस’च्या तारखा वाजत राहतात. कॅलेंडर अ‍ॅपमध्ये खाली ‘कॅलेंडर्स’ दाबा, अनोळखी नाव काढून टाका, झालं.

काकूंचे फोटो. मुलगा कामावरून आला की त्याला चार्जरची वायर घेऊन संगणकाजवळ बसवा. फोन जोडला की ‘फाइल ट्रान्सफर’ निवडायचं आणि डीसीआयएम नावाचा फोल्डर उचलून घ्यायचा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात, ते विसरतात लोक. काकूंचा आवाज कुठल्या व्हॉइस मेसेजमध्ये असेल तर तोही तिथेच असतो. एक प्रत पेनड्राइव्हवर, एक मुलीकडे. घरी संगणक नसेल तर पेनड्राइव्ह घेऊन त्याच दुकानात जा आणि समोर बसून उतरवून घ्या. फोन ठेवून येऊ नका.

सगळं झालं की त्या यादीत किती पासधारक निघाले ते मला नक्की कळवा. माझ्या आईच्या फोनमध्ये ४१ निघाले होते, आणि ती फक्त उपवासाच्या रेसिपी बघते.